ज्याला तू काळ म्हटलं नाहीस

सुनंदा,

तुझ्या शोकसभेत एक माणूस म्हणाला, "मॅडमच्या जाण्याने एका युगाचा अंत झाला." लोकांनी माना हलवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला, इतका की शेजारच्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला. तिला वाटलं मी दुःखानं थरथरते आहे.

कोणतं युग? कुठून सुरू झालं होतं ते? कॉलेजात तुझ्या पोरांनी उत्तरपत्रिकेत 'युग' लिहिलं की तू बाजूला लाल पेनानं विचारायचीस: कोणाचं? कधीपासून? कशावरून? पोरं वैतागायची. त्या माणसालाही तू तेच विचारलं असतंस, भर सभेत, आणि तो घसा खाकरत खाली बसला असता.

दुसऱ्यानं तुझं आयुष्य वाटून टाकलं. बालपण व शिक्षण, सेवाकाळ, निवृत्ती व आजारपण. झालं. एवढं सोपं. पुढचा म्हणाला, तू शांत होतीस, सोशिक होतीस, कधी कोणाला उलटून बोलली नाहीस. सुनंदा, बी.एड.पासून म्हातारपणापर्यंत तू माझ्याशी भांडलीस. बसमध्ये, फोनवर, माझ्या लेकीच्या लग्नाच्या मांडवात. ही कोणाची शोकसभा चालली आहे असं उठून विचारावंसं वाटलं. पण मला कोणी बोलायला बोलावलं नव्हतं. स्टेजवर तुझे मोठे भाऊ मनोहरदादा बसले होते, त्यांच्या कापडाच्या दुकानाचे ओळखीचे लोक बसले होते, तुझ्या कॉलेजचे लोक बसले होते. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं बोलते. तुझ्याशीच. आणि गोड बोलणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

आपली ओळखच भांडणातून झाली. छिंदवाड्याचं बी.एड. कॉलेज, मुलींचं होस्टेल, एक खोली, दोन पलंग. तू पांढुर्ण्याच्या बाजारपेठेतल्या घरातली, मी रामाकोन्याजवळच्या खेड्यातली, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईची पोरगी. तुझा पाठ दुसऱ्या दिवशी होता. तू फरशीवर बसून भारताच्या इतिहासाचा तक्ता रंगवत होतीस. प्राचीन पिवळा, मध्ययुग काळं, आधुनिक हिरवं. ब्रश फार जपून चालवत होतीस.

मी म्हटलं, "मधातलं काळं कायले रंगवलं?"

"अंधारयुग म्हणतेत ना त्याले."

"अन् हे हिरवं कधीपासून?"

"इंग्रज आल्यापासून. रेल्वे आली, शाळा आल्या, कायदा आला."

"मंग माह्या मायले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, थे कोणत्या रंगात येते? मी जन्मली त्या सालीबी देत नव्हते. इंग्रज तर कधीचे निघून गेले होते. हिरव्यात टाकते का तिले?"

तू ब्रश पाण्यात आपटलास. "उद्या एक्झामिनर येऊन राहिले, अन् तू आता सांगून राहिली मले?"

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. रात्रीचं जेवणही मेसमध्ये दुसऱ्या टोकाला बसून घेतलंस. सकाळी तुझा पाठ बघायला मी मागच्या बाकावर बसले. तक्ता तोच होता, रंग तेच होते. पण शिकवताना तू मधेच थांबलीस आणि आठवीच्या पोरांना म्हणालीस, "हे तीन भाग आपण आपल्या सोयीसाठी केले आहेत. काळ सगळ्यांसाठी एकाच दिवशी बदलत नाही. एकाच गावात एका घरी नवा काळ असतो आणि दुसऱ्या घरी जुनाच चालू असतो." एक्झामिनरनं मान वर केली आणि काहीतरी लिहिलं. निकालात कळलं काय लिहिलं ते. पाठ्यपुस्तकाबाहेरचं शिकवलं म्हणून मार्क कापले होते.

"तुह्यापायी माहे मार्क गेले," तू खोलीत येऊन म्हणालीस. आणि मग हसलीस. तेव्हापासून मी तुला सोडलं नाही. तूही मला सोडलं नाहीस.

तू माझ्या घरी आलीस, छोट्या लायनीच्या, नॅरोगेजच्या गाडीनं, माझ्याबरोबर. मायला प्रश्न विचारायला कागद-पेन काढून बसलीस. "आई, तुमच्या हिशोबानं जमाना कधी बदलला?" माय म्हणाली, "पोरी, पहिले जेव. जमाना कुठं पळून नाही राहिला." तू अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर खाल्लीस, तिखटानं नाक पुसत, आणि परत जाताना गाडीत मला म्हणालीस, माझं उत्तर राहूनच गेलं.

मग मी तुझ्या घरी आले. हे मी तुला कधी बोलले नाही, आता बोलते. तुझ्या काकूनं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. काकू उठून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. चहा आला नाही. तू आत गेलीस, भांड्यांचा आवाज आला, कोणीतरी काहीतरी बोललं, आणि तू दोन कप घेऊन आलीस. आपण ओट्यावर बसून चहा प्यायलो. तू माझ्या अगदी जवळ बसली होतीस, खांद्याला खांदा लावून. त्या वेळी मला ते फार मोठं वाटलं होतं. तुझ्या त्या वागण्यावर मी कित्येक वर्षं जीव टाकला.

आज राग येतो. ओट्यावर का, सुनंदा? आत का नाही?

पुढं तू पांढुर्ण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागलीस आणि मी सौंसरच्या शाळेत सामाजिक शास्त्र. तू लग्न केलं नाहीस, भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहिलीस. माझं लग्न झालं, दोन लेकरं झाली. आपल्या गावांमधल्या बसचे कंडक्टर बदलले, आपलं भांडण तेच राहिलं. पुस्तक दर काही वर्षांनी बदलायचं, त्यात काळांची नावं बदलायची, आणि तू सौंसरच्या बसस्टँडवर उतरून आलूबोंड्याच्या गाडीपाशीच सुरू व्हायचीस. "पाह्यलं का, या बारीले काय केलं यायनं?" मला ते आवडायचं. आणखी कोणी असं होतं का माझ्या आयुष्यात, की जिला शेकडो वर्षांपूर्वीच्या एका शब्दावरून भूक लागायची नाही?

आणि आपल्या या भागाचं दुखणं तुझंच दुखणं होतं. आपण मराठी बोलतो, राहतो मध्यप्रदेशात. तिकडच्या, महाराष्ट्राच्या इतिहासात आपण नाही, कारण आपण त्यांच्या राज्यात नाही. इकडच्या इतिहासात नाही, कारण आपली भाषा त्यांची नाही. तू म्हणायचीस, "आपण दोन पुस्तकांच्या शिवणीत पडलो."

म्हणूनच, पांढुर्णा जिल्हा झाला आणि इथं एक इतिहास दालन करायचं ठरलं, तेव्हा तू मला भर दुपारी फोन केलास. समितीचे अध्यक्ष मनोहरदादा. त्यांनी तुला भिंतीवरच्या पाच बोर्डांचा मजकूर लिहायला सांगितला होता. या भागाचा सगळा इतिहास, पाच बोर्डांत. "पुष्पे, नावं आपण ठेवू!" तू ओरडलीस. निवृत्त झालेली बाई, फोनवर पोरीसारखी ओरडत होतीस.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं चांगलं वर्ष होतं. हे मान्य करते, तुझ्यावर कितीही चिडले असले तरी. आपण मोहगावला गेलो, रामाकोन्याला गेलो, देवगडच्या किल्ल्यावर चढलो आणि अर्ध्या वाटेत गुडघे धरून बसलो. तू ठरवलं होतं की राजांच्या नावानं एकही काळ ठेवायचा नाही. पहिला बोर्ड 'जंगल आणि गढी'. दुसरा 'गावगाडा'. तिसरा 'कापूस आणि रेल्वे'. चौथा 'दोन राज्यांच्या मधात'. पाचवा 'संत्र्याचा काळ'. नावं मला आवडली. पण मी बोट ठेवलं.

"नागपूरची धम्मदीक्षा कुठं आहे?"

"चौथ्या बोर्डात. मोठा परिच्छेद लिहिला आहे, पाह्य."

"परिच्छेद नको. बोर्ड पाहिजे. 'दीक्षेनंतर'. आमचा काळ तिथून सुरू होते."

"दीक्षा घटना आहे, पुष्पा. काळ नाही."

"अन् रेल्वे? थे घटना नाही का?"

"रेल्वेनं सगळ्यायचं बदललं. बाजार बदलला, पीक बदललं, मजुरी बदलली. दीक्षेनं तुमचं बदललं. तेल्याचं काय बदललं? कुणब्याचं? एका समाजाचा काळ सगळ्यायचा काळ कसा करू मी?"

"राजाचा काळ सगळ्यायचा होते. एका घराण्याचा. आमचा होत नाही?"

"म्हणून तर राजे काढून टाकले ना मी!"

"अन् कुणब्याचं बदललं नाही म्हणतेस? आमच्या लोकायनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तवा थे ढोरं कोणाच्या दारात पडून होते? त्यायचा काळ नाही बदलला त्या दिवशी?"

चष्मा काढून पुसलास. मग म्हणालीस, "हा मुद्दा चांगला आहे. लिहितो मी हा. पण तरी घटनाच आहे."

असं कित्येक आठवडे. आणि तू नुसती अडवत नव्हतीस, हेही सांगायला हवं. एक दिवस तूच अस्वस्थ होऊन आलीस. "पहिल्या बोर्डात गोंड राज्य टाकलं अन् आपण पुढं निघालो. पुढच्या चार बोर्डांत गोंड कुठं आहे? थो तर अजून आहे. रोज बाजारात दिसते आपल्याले. आपणच त्याले पहिल्या बोर्डात संपवून टाकलं, नाही का?" तू पाचही बोर्ड परत लिहिलेस. प्रत्येकात तीच घरं, तीच माणसं पुढं चालत आलेली. ते लिखाण मी वाचलं आहे, सुनंदा. तसं आपल्या भागाबद्दल कोणी लिहिलं नव्हतं. त्यातलं एक वाक्यही आज भिंतीवर नाही.

मजकूर दिलास आणि पोटातलं दुखणं निघालं. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. केस गेले. तू डोक्याला रुमाल बांधून फोनवर विचारायचीस, बोर्ड छापून आले का, फाँट बारीक तर नाही ठेवला.

बोर्ड आले ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. मी दालनात गेले आणि उभीच राहिले. सगळं हिंदीत. 'वैभव काल'. 'अंधकार काल'. 'दासता काल'. 'जागरण काल'. 'प्रगति काल'. आपले गोंड राजे, ज्यांच्या गडावर आपण गुडघे धरून बसलो होतो, ते अंधारात टाकलेले. कापूस, रेल्वे, गिरण्यांची मजुरी, सगळं गुलामीत. आणि दीक्षा? परिच्छेद नाही, ओळ नाही, शब्द नाही. 'प्रगति काल'च्या बोर्डावर संत्र्याच्या बागेचा फोटो आणि एक उड्डाणपूल. प्रत्येक बोर्डाच्या खाली वेगळी पट्टी चिकटवलेली: 'आलेख', म्हणजे मजकूर कोणाचा ते, आणि पुढं तुझं पूर्ण नाव.

उद्घाटनाला तू पहिल्या रांगेत होतीस. रुमालावरून पदर घेतला होतास. तुला शाल दिली, नारळ दिला. तुला बोलायला उभं केलं. मी पुढं सरकून बसले. वाटलं, आता. आता ही एक्झामिनरसमोर उभी राहिली तशी राहील. तू म्हणालीस, "सगळ्यांचे आभार." आणि बसलीस.

मी उठून बाहेर निघून आले. तू मला जाताना पाहिलंस. मला ठाऊक आहे, पाहिलंस.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. वरच्या खोलीत तू पलंगावर होतीस. मी दार लावलं आणि विचारलं, "तू बोलली कावून नाहीस?"

"काय होते बोलून?"

"तुह्या नावावर खोटं लावलं यायनं. नाव तरी काढा म्हणायचं होतं."

"पुष्पे, चहा घेतेस?"

"चहा नको मले! ज्या लोकायले पुस्तकानं काळं केलं होतं त्यायले आज तुह्या नावानं काळं केलं. अन् आमाले तर काळंही केलं नाही. पुसूनच टाकलं."

तू भिंतीकडं बघत म्हणालीस, "घरातलं घरात राहू दे ना, बाई."

त्या एका वाक्यावर मी जिना उतरून गेले. मी समजले की तू भावाच्या बाजूनं गेलीस. त्यांच्या छपराखाली राहतेस, तेच तुला नागपूरला घेऊन जातात, तू तरी काय करणार, अशी मी माझी समजूत घातली. आणि त्या समजुतीचाच मला जास्त राग यायचा, कारण ती तुझ्यासाठी फार लहान होती. तरी मी येत राहिले. दर रविवारी आले. तू सगळ्यावर बोललीस, माझ्या नातवावर, तुझ्या औषधांवर, जामसांवलीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर. बोर्डांवर नाही. मी विषय काढला की तू डोळे मिटायचीस.

शेवटचं बोलणं नागपूरच्या दवाखान्यात. तुला श्वास पुरत नव्हता. मी तुझ्या पायाला तेल लावत होते. तू बोटानं जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता ही सांगते. मी कान नेला.

"पण थे घटनाच आहे, पुष्पे," तू म्हणालीस.

मी हसले. खरंच हसले, नर्सनं वळून पाहिलं. बाहेर व्हरांड्यात येऊन मी भिंतीवर मूठ मारली.

आता ऐक, शोकसभेनंतर काय झालं ते.

मी चपला घालत होते. मागून मनोहरदादा आले. "बाई, थांबा." डोळे लाल होते, पण आवाज रडण्याचा नव्हता.

"तुमाले आज तिथं बसलेलं पाहून मले बरं नाही वाटलं," ते म्हणाले.

"माही मैत्रीण होती, दादा."

"तुमच्यापायी माह्या बहिणीनं शेवटचे महिने माह्याशी अबोला धरला. ठाऊक आहे तुमाले? एका घरात राहून. माह्या हातचं पाणी नाही घेतलं तिनं."

मी म्हटलं, "माह्यापायी?"

"बोर्ड पाह्यले त्या दिवशीपासून. बोलली तर रोज संध्याकाळी एवढंच. 'पुष्पाचा बोर्ड लाव, नाही तर माहं नाव काढ.' पहिल्याच संध्याकाळी मी म्हटलं, बाई, समितीनं ठरवलं, मोठे लोक येऊन राहिले, माही इज्जत जाईन. उद्घाटनाले तरी चाल. तवा म्हणाली, येतो, पण नंतर नाव काढशील असा शब्द दे. मी दिला शब्द."

"अन् काढलं नाही."

"नाही काढलं." त्यांनी रुमालानं मान पुसली. "मी तिले विचारलं, तुले तरी पटते का त्या बाईचं म्हणणं, का दीक्षेचा येगळा काळ करा? तर म्हणाली, 'नाही पटत. मले थे नाव नाहीच पटत. पण थे तिथं पाहिजे.' आता सांगा, याले काय म्हणाव?"

शोकसभा झाली त्या मंगल कार्यालयाच्या पायरीवर मी बसले. लोक बाजूनं जात होते. कोणी म्हणालं, पाणी द्या यायले.

सुनंदा, तू भांडत होतीस. रोज संध्याकाळी, त्या दुखण्यात, श्वास पुरत नसताना, तू माझ्यासाठी भांडत होतीस. तुला न पटणाऱ्या गोष्टीसाठी. मी रविवारी येऊन तुझ्यासमोर बसायचे, तू भित्री झालीस असं मनात म्हणायचे, आणि तू मला ते म्हणू दिलंस. का? घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून. तुझ्या भावानं शब्द मोडला हे परक्याला कळू नये म्हणून. तुझं इतकं शहाणपण, इतकं वाचन, तरी मी शेवटपर्यंत बाहेरची होते. मला हे सहन होत नाही. तू माझ्यासाठी घरात युद्ध केलंस आणि मला त्या घराच्या बाहेर ठेवून केलंस. मी आभार मानू की तुझ्या फोटोला जाब विचारू? मी दोन्ही करते. रोज सकाळी दोन्ही करते.

दादांना मी त्याच पायरीवरून म्हटलं, "आता नाव काढा."

"आता?" ते एकदम मऊ झाले. "आता गेली ती, बाई. भिंतीवर नाव आहे तेवढंच तर राहिलं तिचं. तेबी काढू?"

"जे तिनं लिहिलंच नाही त्याच्याखाली तिचं नाव ठेवून तुमी कोणाची आठवण ठेवून राहिले?"

ते एक पायरी सोडून खाली बसले. मग म्हणाले, "माह्या हातानं नाही होणार. तुमाले काढायचं असन तर काढा. चौकीदाराले सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दालनात गेले. चौकीदारानं कुलूप उघडून दिलं आणि दिवे लावले. मी एक स्टूल, ब्लेड आणि ओला फडका घेऊन गेले होते. पट्ट्या पक्क्या चिकटलेल्या होत्या. कोपरा उचलायला ब्लेड, मग नखानं. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर ओढताना हात थांबला. काही दिवसांपूर्वी या बाईला मी तेल लावत होते, आता तिचं नाव भिंतीवरून खरवडते आहे. पण मग वर 'अंधकार काल' दिसलं आणि हाताला जोर आला.

पहिल्या बोर्डापासून पाचव्यापर्यंत. मधेच स्टूल डगमगलं. कोणीतरी खालून धरलं. मनोहरदादा होते. कधी आले, कळलं नाही. मदत केली नाही, फक्त स्टूल धरून उभे राहिले, तोंड दुसरीकडं करून. मी शेवटची पट्टी काढली तेव्हा ती अख्खी निघाली, फाटली नाही. त्यांनी हात पुढं केला. मी दिली. त्यांनी ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला.

मी विचारलं, "अन् दीक्षेचा बोर्ड?"

"समितीत विषय ठेवा. मी विरोध करीन."

"करा."

"मी सांगून राहिलो, बाई, मी विरोध करीन. पण ठेवा तुमी विषय. मी अध्यक्ष आहो, विषय घेणार नाही असं नाही म्हणणार."

एवढंच त्यांनी दिलं, आणि एवढंच मी घेतलं. मी माफ केलं नाही. त्यांनी माफी मागितलीही नाही. आमच्या वस्तीतल्या पोरांना हे कळलं तेव्हा ती म्हणाली, मावशी, विहारात लावू ना तो बोर्ड, तिथं कोण अडवते? मी नाही म्हटलं. विहारात सगळ्यांना ठाऊक आहे. तो कापूस आणि रेल्वेच्या रांगेत लागला पाहिजे, जिथं तेल्याचं पोरगं वाचेल, कुणब्याचं वाचेल, गोंडाचं वाचेल. तूही हेच म्हणाली असतीस. आणि लगेच पुढं म्हणाली असतीस, पण नाव बदल.

मजकूर मी लिहिला आहे. तुझा परिच्छेद घेतला, ढोरांचा मुद्दा वर आणला, बाकी माझं. मराठीत. वर मोठ्या अक्षरांत 'दीक्षेनंतर'.

सोमवारी मीटिंग आहे. समितीतले लोक माझ्या बाजूचे नाहीत, ते मला ठाऊक आहे. काही जण बोलणारच नाहीत, घड्याळ पाहतील. काही जण गोड बोलतील, बाई, तुमच्या भावना आम्ही समजतो, म्हणतील. दादा विरोध करतील, पण त्यांना मुद्दा मांडता येत नाही, ते फक्त चिडतात. मी तयारी करून बसले आहे आणि समोर कोणी नाही. मला तू तिथं हवी होतीस, सुनंदा. माझ्या बाजूनं नको. विरोधात. माझं बोलणं इतक्या चांगल्या रीतीनं खोडणारं आता कोणी उरलं नाही, आणि तुझ्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग तोच आहे.